पाटी लावली म्हणजे जंगल वाचलं का? ऑस्ट्रेलियातील राखीव क्षेत्रं आणि त्यांचे कायदे



पर्यावरणाचा धडा शिकवताना फळ्यावर एक वाक्य हमखास येतं : 'वन्यजीवांच्या रक्षणासाठी सरकारने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये घोषित केली आहेत.' मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात. पण एखाद्या चौकस मुलाने हात वर करून विचारलं, "सर, घोषित केलं म्हणजे नेमकं काय झालं? उद्या सरकारच्या मनात आलं तर ते काढून टाकता येतं का?" तर आपण काय सांगणार?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला ऑस्ट्रेलिया हा देश फार उपयोगी आहे. जगातल्या सर्वात जुन्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एक तिथे आहे. पाटी लागूनही बुडालेलं सरोवर तिथे आहे आणि न्यायालयाच्या निकालाने वाचलेली नदीही तिथेच आहे. हा इतिहास वाचताना तीन प्रश्न मनात ठेवा. घोषणा कोणी केली? ती कोण मोडू शकतं? आणि जागेवर राखण कोण करतं?

कायदा आला, पण उशिरा

सुरुवात मुलांना भिडेल अशा गोष्टीने करू. टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट. तिथे 'टास्मानियन वाघ' नावाचा प्राणी होता. नाव वाघ असलं तरी तो मांजराच्या कुळातला नव्हता. तो कांगारूसारखा पोटाला पिशवी असणारा, कुत्र्याएवढा आणि पाठीवर पट्टे असलेला प्राणी होता. तो मेंढ्या मारतो अशी ओरड झाली, तेव्हा १८८८ ते १९०९ या काळात सरकारनेच त्याला मारणाऱ्याला बक्षीस दिलं. दोन हजारांहून जास्त बक्षिसं वाटली गेली.

पुढे हा प्राणी दिसेनासा झाला आणि १० जुलै १९३६ रोजी त्याला कायद्याचं पूर्ण संरक्षण मिळालं. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा ज्ञात टास्मानियन वाघ मेला. मधले दिवस फक्त ५९. आज ऑस्ट्रेलियात ७ सप्टेंबर हा दिवस संकटग्रस्त प्रजातींचा दिवस म्हणून पाळतात. कायदा चांगला असून भागत नाही, तो वेळेवर यावा लागतो, हे मुलांना या एका उदाहरणातून कळतं.

उद्यान कोणासाठी?

सिडनीच्या दक्षिणेला १८७९ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झालं. अमेरिकेतल्या यलोस्टोननंतर (१८७२) जगात याचाच नंबर लागतो. आज त्याला रॉयल नॅशनल पार्क म्हणतात. पण त्या काळी हेतू वन्यजीव वाचवण्याचा नव्हता. शहरात दाटीवाटीने राहणाऱ्या लोकांना मोकळी हवा मिळावी, सहलीला जागा व्हावी, एवढाच विचार होता. म्हणून तिथे परदेशातून हरणं आणून सोडली गेली. त्या हरणांचा उपद्रव आजही संपलेला नाही.

म्हणजे 'राष्ट्रीय उद्यान' हा शब्द तोच राहिला, अर्थ मात्र हळूहळू बदलला. आता न्यू साउथ वेल्स राज्याच्या १९७४ च्या कायद्यात राष्ट्रीय उद्यान आणि निसर्ग राखीव क्षेत्र असे वेगळे प्रकार आहेत. उद्यानात निसर्ग जपून लोकांना फिरू देतात. राखीव क्षेत्रात झाडं-प्राणी आणि त्यांचा अभ्यास पहिला, माणसाची करमणूक नंतर. याच कायद्यात आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे. एकदा घोषित झालेलं उद्यान रद्द करायचं तर मंत्र्याची सही पुरत नाही, विधिमंडळात नवा कायदा मंजूर करून घ्यावा लागतो. चौकस मुलाच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर झालं.

बुडालेलं सरोवर आणि वाचलेली नदी

ऑस्ट्रेलियात सहा राज्यं आहेत. जमीन, जंगलं, नद्या हे विषय मुख्यतः राज्यांच्या हातात. १९०१ च्या राज्यघटनेत 'पर्यावरण' हा शब्दच नाही. मग राज्यालाच उद्यान नकोसं झालं तर?

टास्मानियात नेमकं हेच घडलं. तिथलं पेडर सरोवर गुलाबीसर वाळूच्या किनाऱ्यासाठी प्रसिद्ध होतं. १९५५ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं होतं. तरीही वीजनिर्मितीसाठी धरणं बांधून १९७२ मध्ये ते पाण्याखाली घालवलं. पाटी होती, पण ती लावणाराच उखडायला निघाला आणि त्याला अडवणारं वर कोणी नव्हतं.

नंतर त्याच राज्यात फ्रँकलिन नदीच्या खोऱ्यात धरणाचा बेत आला. या वेळी लोक तयार होते. १९८१ च्या सार्वमतात 'कोणतं धरण हवं' एवढाच पर्याय दिला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर 'धरण नको' असं हाताने लिहिलं. डिसेंबर १९८२ मध्ये आंदोलकांनी नदीत होड्या घालून काम अडवलं. १२०० हून जास्त लोकांना अटक झाली. त्याच महिन्यात हा रानटी प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

मार्च १९८३ मध्ये बॉब हॉक यांचं सरकार केंद्रात आलं आणि त्याने धरण रोखणारा कायदा केला. टास्मानिया सरकार म्हणालं, "जमीन आमची, नदी आमची, केंद्राला अधिकारच काय?" प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात, म्हणजे तिथल्या हायकोर्टात गेलं. केंद्राचा युक्तिवाद असा होता : परराष्ट्र व्यवहार हा विषय घटनेने आम्हाला दिला आहे. जागतिक वारसा करारावर देशाने सही केली आहे. मग तो करार पाळण्यासाठी कायदा करणं हेही आमचंच काम. १ जुलै १९८३ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी केंद्राच्या बाजूने निकाल दिला. फक्त एका मताच्या फरकाने नदी वाचली!

एकाच राज्यातल्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून शिकवा. पेडरला राज्याच्या पाटीशिवाय आधार नव्हता. फ्रँकलिनच्या मागे जागरूक लोक, आंतरराष्ट्रीय करार, केंद्राचा कायदा आणि न्यायालय असे एकावर एक थर उभे राहिले.

केंद्राचा कायदा काय करतो?

या निकालाच्या पायावर पुढे १९९९ चा पर्यावरण संरक्षण व जैवविविधता जतन कायदा उभा राहिला. तो २००० सालापासून लागू झाला. जागतिक वारसा स्थळं, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, संकटग्रस्त प्रजाती, स्थलांतर करणारे पक्षी-प्राणी अशा काही गोष्टी त्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवल्या. त्यांच्यावर मोठा परिणाम होईल असं काम करायचं तर केंद्रीय मंत्र्याची परवानगी लागते, मग जमीन खासगी मालकीची का असेना.

२००९ मध्ये क्वीन्सलँड राज्य मेरी नदीवर धरण बांधणार होतं. त्या नदीत फुप्फुसाने श्वास घेऊ शकणारा एक प्राचीन मासा आणि फक्त याच नदीत आढळणारं एक कासव आहे. तेव्हाचे केंद्रीय मंत्री पीटर गॅरेट यांनी परवानगी नाकारली आणि धरण रद्द झालं.

असं असलं तरी सगळं छान चाललंय असं मुलांना सांगू नका. २०२० मध्ये ग्रॅमी सॅम्युएल यांनी या कायद्याचा सरकारसाठी आढावा घेतला आणि तो परिणामकारक नाही, देशाचं पर्यावरण खालावतच चाललं आहे, असं स्पष्ट लिहिलं. २०२५ च्या अखेरीस संसदेने त्यात मोठ्या सुधारणा मंजूर केल्या. त्यांचा खरा उपयोग किती, हे अंमलबजावणीत दिसेल.

समुद्रात कुंपण कसं घालायचं?

ग्रेट बॅरियर रीफ म्हणजे सुमारे २३०० किलोमीटर पसरलेली प्रवाळांची रांग. १९६७ मध्ये तिथल्या एका प्रवाळ बेटावरून चुनखडी काढायचा अर्ज आला, तेव्हा कवयित्री ज्युडिथ राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरोधाची मोहीम उभी केली. १९७५ मध्ये सागरी उद्यानाचा खास कायदा झाला.

पाण्यात तारेचं कुंपण घालता येत नाही. म्हणून नकाशावर रंग वापरले. गुलाबी पट्ट्यात परवानगीशिवाय जायचंच नाही. हिरव्या पट्ट्यात पोहा, बघा, पण मासे पकडू नका. पिवळ्या पट्ट्यात मर्यादित मासेमारी, तर फिकट निळ्यात बऱ्याच गोष्टींना मुभा. २००४ पूर्वी मासेमारीला पूर्ण बंदी असलेला भाग ५ टक्क्यांहून कमी होता, तो त्या वर्षी सुमारे ३३ टक्के केला.

पण समुद्राचं पाणी तापलं की प्रवाळ पांढरे पडतात आणि तापलेलं पाणी नकाशावरचे रंग ओळखत नाही. २०१६ पासून असं मोठ्या प्रमाणावर अनेकदा झालं आहे. राखीव क्षेत्राच्या कायद्याची मर्यादा इथे उघडी पडते. रोगाचं मूळ हद्दीच्या बाहेर असतं.

राखणदार कोण?

आता तिसरा प्रश्न. या भूमीवर आदिवासी समाज हजारो वर्षांपासून राहतात. सुरुवातीच्या अनेक उद्यानांनी त्यांना विचारलंच नाही. हे चित्र बदलल्याचं ठळक उदाहरण म्हणजे उलुरू, मध्य ऑस्ट्रेलियातला तो प्रसिद्ध लाल खडक. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी ही जमीन अनांगू लोकांना परत दिली गेली आणि त्यांनी ती ९९ वर्षांच्या कराराने उद्यानासाठी भाड्याने दिली. व्यवस्थापन मंडळात बहुमत अनांगूंचं. पर्यटकांनी खडकावर चढू नये ही त्यांची जुनी विनंती होती. अखेर २०१९ मध्ये त्याच तारखेला चढाई कायमची बंद झाली.

१९९८ पासून आदिवासी संरक्षित क्षेत्र हा प्रकारही सुरू झाला. यात समाज स्वतःहून आपली जमीन जतनासाठी देतो आणि सरकार निधी पुरवतं. तिथले वनरक्षक त्याच समाजातले असतात. उत्तरेकडे ते उन्हाळी वणव्याआधीच ठिकठिकाणी लहान, थंड आगी लावून सुकं गवत कमी करतात, म्हणजे पुढे मोठा वणवा भडकत नाही. आज देशाच्या राखीव जमिनीपैकी निम्म्याच्या आसपास जमीन या प्रकारात येते.

वर्गात हे कसं घ्याल?

पाचवी-सहावीच्या मुलांना शाळेच्या मैदानाचा नकाशा काढायला सांगा आणि रीफसारखे रंग भरायला लावा : कुठे खेळायचं, कुठे फक्त बघायचं, कुठे जायचंच नाही. नियम मोडला तर काय, हेही त्यांनीच ठरवावं. आठवी-नववीत फ्रँकलिन खटल्याचं नाट्य घ्या. एक गट राज्याचा, एक केंद्राचा, सात न्यायाधीश. राज्याची बाजूही नीट मांडू द्या. वीज आणि रोजगार या खऱ्याच गरजा होत्या.

आणि शेवटी आपल्याकडे या. ज्या जागतिक वारसा कराराने फ्रँकलिन वाचली, त्याच करारात भारतही आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही ठिकाणं त्या यादीत आली. वन्यजीव संरक्षणाचा आपला कायदा १९७२ चा. राष्ट्रीय उद्यानाची हद्द बदलायची तर आता राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. यांपैकी एखाद्या ठिकाणी सहल नेलीत, तर प्रवेशद्वारावरच्या पाटीसमोर मुलांना पाच मिनिटं थांबवा आणि तेच तीन प्रश्न विचारा. घोषणा कोणी केली? कोण मोडू शकतं? राखण कोण करतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या वनरक्षकालाच द्यायला सांगा. मुलं ते वर्षानुवर्षं विसरणार नाहीत.