वाचन तपासणाऱ्यांचीही तयारी हवी

समजा, शहापूरकडच्या किन्हवलीजवळच्या पाड्यावरची तिसरीतली मुलगी उतारा वाचते आहे. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, दोनदा अडखळते, पण शेवटपर्यंत जाते. एक शिक्षक म्हणतील, ‘उतारा येतो.’ दुसरे म्हणतील, ‘अजून शब्दावरच आहे.’ पुढे तिला कोणत्या गटात बसवून काय शिकवायचं, ते याच शेऱ्यावर ठरतं.

गैरसमज : अनुभवी शिक्षकाला मूल्यमापन शिकवायची गरज नसते.

वस्तुस्थिती : 1912 मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली. गुण 64 पासून 98 पर्यंत पसरले. पुढच्या वर्षी भूमितीत तर तफावत आणखी वाढली. तपासणारे सगळे शिकवणारेच होते. प्रत्येकाचं माप मात्र वेगळं होतं.

गैरसमज : ‘निःपक्ष राहा, एका गुणावर भाळू नका’ असं बजावलं की झालं.

वस्तुस्थिती : एका गोष्टीवरून सगळं माणूस जोखण्याची खोड मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने 1920 मध्येच दाखवली होती. म्हणून मग मूल्यमापकांना चुकांची यादी देऊन सावध केलं जाई. 1980 मध्ये बर्नार्डिन आणि पेन्स यांना आढळलं, की अशा शिकवणीने सढळपणा कमी होतो, पण अचूकताही घटते. लोक गुण जपून देऊ लागतात, समोरचं काम नीट पाहत नाहीत. दुसरी वाट सामायिक मापाची : कोणत्या कामाला कोणता दर्जा, हे नमुन्यांवर एकत्र ठरवायचं आणि त्याचा सराव करायचा. वोअर आणि हफकट यांनी 1994 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अचूकतेसाठी हीच पद्धत सर्वांत उपयोगी ठरली.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात असं माप आहे. पाचपैकी निदान चार शब्द बरोबर आले, तर मूल शब्द पातळीवर. उतारा ओघात आणि तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला, तर उतारा पातळीवर.

गैरसमज : बोलीतला उच्चार म्हणजे वाचनातली चूक.

हा मला सगळ्यांत घातक वाटतो. शहापूर-मुरबाडकडच्या ठाकूर, कातकरी, वारली घरांतलं मूल अक्षर ओळखून ते आपल्या जिभेने उच्चारतं. त्याला अक्षर येत नाही असं लिहिणं अन्यायाचं आहे. म्हणून शाळांच्या केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांना इथल्याच मुलांच्या वाचनाची ध्वनिमुद्रणं ऐकवावीत. प्रत्येकाने आधी एकट्याने पातळी लिहावी, मग कारणांसह वाद घालावा. ‘पानी’ चूक धरायची की नाही, हे तिथेच ठरावं.