एकतीस लाख हृदयं, एक मिलिसिव्हर्ट

२०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार भरली, कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार. मिळून जवळजवळ ३१ लाख. एक हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. म्हणजे या दोन महापालिकांच्या हद्दीत तेव्हा रोज ३० हजार कोटींहून जास्त ठोके पडत होते. आता वस्ती किती फुगली आहे ते कल्याण लोकलमध्ये उभं राहणाऱ्यांना सांगायला नको.

या ठोक्यांचा भार ज्या करोनरी धमन्यांवर, त्या जेमतेम दोन ते चार मिलिमीटर रुंद. त्यांत साचलेलं कॅल्शियम हृदय धडधडत असतानाच हेरायचं, तेही सीटी स्कॅनने. सीटी यंत्राची एक्स-रे नळी पेशंटभोवती पाव सेकंदाच्या आसपास एक फेरी मारते. त्या गतीला तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या तीस-चाळीसपट ताण येतो. १९७१ साली लंडनमध्ये सीटीचा शोध लावणाऱ्या हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या पेशंटच्या मेंदूचं चित्र काढलं, त्यात ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० ठिपके होते. एका छेदाला काही मिनिटं लागायची. आजचं ३२० स्लाइसचं यंत्र एका ठोक्यात ८ कोटी ३८ लाख ठिपके मांडू शकतं.

पण खरी कमाल किरण बंद ठेवण्यात आहे. पूर्वी ठोकाभर किरण चालू असत. आता यंत्र ईसीजीवर नजर ठेवतं आणि हृदय क्षणभर सैलावतं तेवढ्यापुरतेच ते सोडतं. नाडी साठीच्या घरात यावी म्हणून आधी गोळी देतात, ती याचसाठी. २००७च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, डाय टोचून धमन्या पाहणाऱ्या सीटी अँजिओचा किरणांचा डोस १२ मिलिसिव्हर्टच्या आसपास होता. दहा वर्षांत तो पाऊण हिश्श्याने उतरला. नुसतं कॅल्शियम मोजणाऱ्या स्कॅनला, म्हणजे कॅल्शियम स्कोअरला, ना इंजेक्शन, ना डाय. डोस सुमारे एक मिलिसिव्हर्ट. जगात सरासरी माणसाला माती, हवा, आकाश यांच्याकडून वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट फुकट मिळतात. म्हणजे हा पाच महिन्यांचा हप्ता झाला.

मग हा स्कॅन सगळ्यांचाच करावा का? दहा मिनिटांना एक माणूस धरला, तर एका यंत्राला रात्रंदिवस राबून त्या ३१ लाखांसाठी ५९ वर्षं लागतील. गरजही नाही. चाळिशी ओलांडलेली, त्रास काहीच नाही, पण मधुमेह, तंबाखू किंवा घरात हृदयविकार, आणि कोलेस्टेरॉलची गोळी घ्यावी की नाही असा पेच: अशांना हा आकडा उपयोगी. चारशेच्या वरचा स्कोअर गंभीर. शून्य आला तरी मऊ चरबीचा थर त्यात दिसत नाही. तपासणी पॅकेजच्या जाहिरातीपेक्षा आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि छाती दाबल्यासारखी होऊन घाम फुटला, तर स्कॅनची तारीख घेत बसू नका. १०८ला फोन लावा.