जुनी मोटार आणि नवा रस्ता

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेच्या फाटकाशी एक करड्या रंगाची फियाट येऊन उभी राहिली आणि मधल्या सुटीत तिच्याभोवती मुलांचा असा गराडा पडला, की घंटा झाल्याचेही कोणाच्या ध्यानी आले नाही. नातीचा घरी राहिलेला डबा घेऊन तिचे आजोबा आले होते. गाडी १९६८ सालची. सिल्वासा मुक्त होऊन तेव्हा अवघी चौदा वर्षे झाली होती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या फियाट टॅक्सींनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराचा निरोप घेतला. तेव्हा मुलांना त्या गाडीचे कौतुक वाटले यात नवल ते काय?

आजोबांनी आम्हांस मोठ्या अभिमानाने मागचे आसन दाखविले. नात मागे बसते म्हणून त्यांनी तेथे दोन नवेकोरे सुरक्षा-पट्टे बसवून घेतले होते. आम्ही सहज एक पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, तो पायाखालची सतरंजी उचलली गेली आणि खालचा पत्रा करकरला. पट्ट्याचा बोल्ट एका लहानशा चकतीच्या आधाराने पातळ, गंजक्या पत्र्यात घट्ट केलेला होता. आजोबांचा चेहरा उतरला. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण हेच. जुन्या वाहनास नवी साधने लावणे ही गोष्ट दिसते तेवढी सोपी नाही. आणि ती अर्धवट केली तर संरक्षणाऐवजी संरक्षणाचा भ्रमच पदरी पडतो.

मोटार ज्या रस्त्यासाठी जन्मास येते, तो रस्ताही तिच्याबरोबर म्हातारा झाला असता तर प्रश्नच नव्हता. परंतु आज सिल्वासा-वापी मार्गावर कारखान्यांचे अवजड ट्रक धावतात, आणि पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तर वेगाला धरबंध नाही. आधुनिक गाडी जेथे थांबते, तेथे तिच्या मागून येणारी जुनी गाडी थांबेलच असे नाही.

हे गणिताने पाहू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरू. तेवढ्यात दोन्ही गाड्या १७ मीटर पुढे गेल्या. आता उत्तम ब्रेकने वेग दर सेकंदास ८ मीटरने कमी होतो आणि थकलेल्या ब्रेकने ५ मीटरने, असे माना. पहिली गाडी आणखी सुमारे १७ मीटरांवर थांबेल, दुसरी सुमारे २८ मीटरांवर. फरक ११ मीटरांचा, म्हणजे जवळजवळ तीन फियाट गाड्यांच्या लांबीचा. पण खरी भयंकर गोष्ट पुढेच आहे. ज्या ठिकाणी पहिली गाडी पूर्ण उभी राहिली, त्याच ठिकाणी दुसरीचा वेग अजून ताशी ३७ किलोमीटर असतो! वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी हे उदाहरण वहीत सोडवून पाहावे.

म्हणून पहिला मान ब्रेकचा. त्या काळच्या फियाटला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असत. आत दोन अर्धवर्तुळाकार जोड असतात. पायपट्टी दाबली की ते फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. खानवेलकडून दुधनीच्या डोंगराळ रस्त्याने उतरताना पुनःपुन्हा ब्रेक दाबला की ड्रम तापतो, तापला की प्रसरण पावून जोडांपासून दूर जातो, आणि पायपट्टी खोल जाऊ लागते. पावसाळ्यात ओहोळाच्या पाण्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी शिरते व पहिले दोनचार ब्रेक लागतच नाहीत. डिस्क ब्रेकमध्ये धातूची उघडी तबकडी दोन बाजूंनी चिमटीत धरली जाते. ती लवकर निवते, पाणी झटकून टाकते.

तथापि डिस्क बसवण्याची घाई नको. त्याआधी पाहावयाची गोष्ट म्हणजे ब्रेकच्या तेलाचा मार्ग. जुन्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच मार्ग असतो. रबराची एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम गेले. दुहेरी मास्टर सिलिंडर बसविल्यास पुढच्या व मागच्या चाकांचे मार्ग वेगळे होतात आणि एक तुटला तरी दुसरा गाडी थांबवितो. आमच्या मते जुन्या गाडीस देता येणाऱ्या नव्या देणग्यांपैकी ही सर्वांत मोलाची. बाहेरून ती दिसतही नाही. डिस्क बसवावयाचीच तर जाणत्या कारागिराकडून, पुढच्या-मागच्या चाकांचा तोल राखून. मागची चाके आधी अडकली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

आता पट्ट्यांकडे वळू. खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली प्रचारात आणला. भारतात पुढच्या आसनांना पट्टे देणे कारखान्यांवर बंधनकारक झाले ते १९९४ पासून. मागचे आसन सुरक्षितच असते ही समजूत मात्र लोकांच्या मनातून हलेना. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबादेहून मुंबईकडे जाणारी एक महागडी, सर्व साधनांनी सज्ज मोटार पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मागे बसलेले दोघे, ज्यांत उद्योगपती सायरस मिस्त्री होते, मृत्यू पावले. पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. आपण सिल्वासाकर मुंबईस जातो तो याच महामार्गाने.

तेव्हा आजोबांचा हेतू अगदी योग्य होता. चूक होती ती बोल्टाच्या जागेत. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली आणि तिचे नाक अर्धा मीटर चेपून ती थांबली असे समजा. गणित केले तर गाडीबरोबर थांबणाऱ्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट ओढ येते. चाळीस किलोच्या मुलीचा पट्टा त्या क्षणी आठशे किलोंचा भार पेलत असतो! आमच्या दोन हातांनी जो पत्रा करकरला, त्याने हा भार कसा पेलावा? फियाटला ट्रकसारखी स्वतंत्र चौकट नसते; पत्र्याचे अंग हीच तिची चौकट. म्हणून आधी गंज पूर्ण काढून, शाबूत भागाच्या खाली जाड पोलादी पट्टी जोडून, मगच बोल्ट बसवावा लागतो. खांद्याकडचे टोक खांद्याच्या खाली आले तर पट्टा पाठीच्या कण्यालाच खाली दाबतो. त्याहून जुन्या, लाकडी सांगाड्यावर पत्रा मढविलेल्या गाड्यांत तर पट्ट्याचा भार खालच्या लोखंडी चौकटीवरच न्यावा लागतो. शिवाय जुन्या आसनाची पाठ बुटकी, मानेला आधार नाही. मागून धक्का बसला तर मान झटका खाते. पट्टा लावला म्हणून ही उणीव भरून निघत नाही.

दिव्यांचे काम त्या मानाने स्वस्त. जुन्या डायनामोची वीज गाडी उभी असताना अपुरी पडते आणि मागचा दिवा मिणमिणतो. ब्रेकच्या जुन्या दिव्यास २१ वॅट लागत, तर एलईडीस दोनतीन वॅट पुरतात. मागच्या काचेच्या आत ब्रेकचा आणखी एक दिवा चिमट्याने अडकवावा. छिद्र पाडावे लागत नाही. मात्र काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक चौकटीस जोडलेले असते, तेथे एलईडी उलटा जोडला तर लागत नाही. टायरांच्या कडेवर चार आकडे असतात. १२१९ म्हणजे २०१९ च्या बाराव्या आठवड्यात घडविलेला. वडिलांच्या गाडीवर ते आजच वाचून पाहा! आणि पेट्रोलची रबरी नळी बदलावीच, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व जुने रबर त्याने चिरते. आसनाजवळ आग विझविण्याचे लहान नळकांडे ठेवण्यास खर्च तो किती?

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनाची पुरातन वाहन म्हणून नोंदणी होते व क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट अशी, की चौकट, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसारख्या कामांपुरतीच रस्त्यावर आणावी, रोजच्या वापरासाठी नव्हे. नातीला रोज शाळेत पोचवावयाचे तर साधी नोंदणीच चालू ठेवून दर पाच वर्षांनी योग्यतेच्या तपासणीस गाडी न्यावी लागते. दोन्ही वाटांवर शहाणपणाची पद्धत एकच: मूळ भाग फेकू नये, कापडात गुंडाळून फळीवर ठेवावा, आणि नवे साधन शक्यतो असे जोडावे की काढल्यावर गाडी पूर्ववत् व्हावी. पट्ट्याखालच्या पोलादी पट्टीस मात्र हा नियम लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आजोबांनी ते दोन पट्टे त्याच आठवड्यात काढून टाकले. दुहेरी सिलिंडर बसला, नळ्या नव्या झाल्या, मागच्या काचेत लाल दिवा आला. खालच्या पत्र्याचे काम वापीच्या एका कारागिराकडे चालू आहे; गंज अपेक्षेपेक्षा खोल निघाला. तोवर नात शाळेत चालतच येते, आणि डबा आजोबा चालत आणून देतात.