काळ्या दगडाच्या भिंतीत सिमेंट का भरू नये?

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागातली मधाच्या रंगाची दगडी घरं फोटोत पाहिली असतील. तो दगड चुनखडक. मऊ, पाणी पिणारा. आपल्या शिरूर-दौंडकडे दगड म्हणजे काळा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. इंग्रज इथे आले, पण दगड इथलाच राहिला. शिरूरला त्यांची लष्करी छावणी होती. तिथेच १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसला लोक पुढे सत्पुरुष मानू लागले. दौंडला रेल्वे आली १८५८ मध्ये, मनमाडचा मार्ग १८७८ मध्ये.

आता मुद्दा असा, की घट्ट बेसाल्ट पाणी जवळजवळ शोषतच नाही. मग भिंतीतली ओल बाहेर पडते कुठून? दगडांमधल्या दरजांतून. चुन्याची दरज सच्छिद्र असते, म्हणून भिंत वाळते. दुरुस्तीत तिथे सिमेंट भरलं की ही वाट बंद! ओल आतच कोंडते, आतल्या बाजूला लोणा लागतो, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. बाहेरून भिंत नवी दिसते आणि आतून खराब होत जाते.

चुन्याचं रसायन आपण शाळेतच शिकलोय. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना, पाणी घातलं की विरलेला चुना, आणि तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो.

मग जुन्या चुन्यात वाळू किती होती, हे कसं काढायचं? सोपी रीत म्हणजे नमुना वाळवून, वजन करून, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा. चुना विरघळतो, वाळू उरते. पण इथेच सावध व्हा. वाळूत चुनखडीचे खडे असतील तर तेही विरघळतात आणि चुना जास्त असल्यासारखा वाटतो. उलट चुनखडीतच माती असेल तर ती वाळूत मोजली जाते. म्हणून उरलेला गाळ चाळा, भिंगाखाली बघा; जमलं तर पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखालीही तपासा.

हा आकडा चुकला तर दुरुस्तीचं मिश्रणही चुकतं. नमुना मात्र परवानगी घेऊनच, आणि शक्यतो गळून पडलेल्या तुकड्याचा घ्या. भिंत खरवडू नका.

संशोधनाचा विषय शोधताय ना? मग 'वारसा वाचवा' एवढ्यावर थांबू नका. 'या भिंतीतलं पाणी कुठून बाहेर पडतं?' असं विचारा. याचं उत्तर मोजता येतं.