शोधयंत्राचा जाणकार कसा निवडावा?

संकेतस्थळ काढले की आपला पत्ता जगाला कळला, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः आडगल्लीत दुकान मांडून पाटी न लावण्यासारखाच तो प्रकार होय. वाचक गूगलसारख्या शोधयंत्रात दोन-चार शब्द घालतो आणि पहिल्या पानावर जे दिसेल त्यावरच बहुधा समाधान मानतो. त्या पानावर आपण दिसावे यासाठी जी खटपट करावी लागते, तिला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, थोडक्यात एसईओ, म्हणतात. ती करून देणारे लोक आज थोडे नाहीत. पण त्यांतला खरा जाणकार ओळखावा कसा? आमच्या वाङ्मय मंडळाने जुन्या वार्षिकांकांचे संकेतस्थळ केले, तेव्हा असा माणूस शोधण्याची कामगिरी माझ्याकडे आली. त्या निमित्ताने जे वाचले व पाहिले, ते येथे मांडते.

प्रथम शोधयंत्राचे काम कसे चालते ते पाहू. ते एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या वाटेने हिंडते, सापडलेल्या मजकुराची सूची करते आणि कोणी काही विचारले की त्या सूचीतून पाने निवडून क्रमाने मांडते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी 1998 साली गूगल कंपनी स्थापन केली. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते महत्त्वाचे, आणि बोट दाखवणारे पान स्वतः वजनदार असेल तर अधिकच महत्त्वाचे, ही त्यांची मूळ कल्पना. ज्या ग्रंथाचा आधार अनेक अभ्यासक घेतात तो ग्रंथ थोर, असे आपण मानतोच की! आज याखेरीज इतर अनेक गोष्टी जमेस धरल्या जातात. जाहिरातीची जागा पैसे देऊन मिळते. शोधाच्या मूळ क्रमवारीतला क्रमांक मात्र गूगल विकत नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी निम्मी फसवणूक टळते.

जेथे शिफारशीला मोल, तेथे खोट्या शिफारशींचा बाजार भरणारच. अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानांच्या साखळीचे उदाहरण बोलके आहे. ज्यांचा तिच्या मालाशी काडीचा संबंध नाही अशा कितीतरी संकेतस्थळांवर तिच्याकडे नेणारे दुवे पेरलेले होते. 2011 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने हा प्रकार उजेडात आणला आणि गूगलने कंपनीला क्रमवारीत पार खाली ढकलले. आपल्याला याची कल्पनाच नव्हती, असे कंपनीने सांगितले व सल्लागाराला काढून टाकले. पण शिक्षा झाली ती कंपनीच्या संकेतस्थळाला! पुढे 2012 साली गूगलने असल्या दुव्यांना आळा घालणारी ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा आणली. तात्पर्य, जाणकाराच्या करणीचे फळ मालकालाच भोगावे लागते. म्हणूनच निवड डोळसपणे व्हावी.

आमच्याकडे तिघे आले. पहिल्याने महिनाभरात पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी दिली. दुसऱ्याने दरपत्रकच पुढे केले : इतक्या रुपयांत इतके दुवे. तिसऱ्याने पैशाची गोष्ट काढली नाही. ‘तुमच्याकडे कोणी यावे, आणि काय शोधत यावे?’ असे विचारून तो अंक चाळू लागला. थोड्याच वेळात दुखणे सापडले. जुने अंक म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे होती, त्यांत वाचता येईल असे अक्षर नव्हते. पुढचे अंक युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेले. डोळ्यांना देवनागरी दिसले, तरी यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी होती. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? शिवाय 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या अंकांत ‘नांव’, ‘गांव’ असे लेखन, आणि आजचा शोधणारा लिहिणार ‘नाव’, ‘गाव’. तेव्हा प्रत्येक लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव व चार ओळींचा गोषवारा आजच्या लेखनात युनिकोडमध्ये द्यावा, असे त्याने सुचवले. आम्ही त्यालाच काम दिले, तेही तपासणीपुरते. टंकलेखन आम्ही विद्यार्थ्यांनीच वाटून घेतले.

या अनुभवावरून काही कसोट्या सांगता येतील. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला नमस्कार करून निरोप द्यावा; अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगलच सांगते. पूर्वी ज्यांचे काम केले त्यांची नावे घ्यावीत व त्यांच्याशी स्वतः बोलावे. सर्च कन्सोल हे गूगलचे साधन विनामूल्य आहे. त्यातील माहिती जाणकाराला आधी केवळ पाहण्यापुरती खुली करावी आणि दोषांचा लेखी अहवाल मागावा. प्रत्येक सूचनेमागचे कारण विचारावे. ‘ते आमचे गुपित आहे’ असे उत्तर आले, तर सावध व्हावे. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी व परवलीचे शब्द आपल्याच हाती असावेत. घराच्या किल्ल्या कोणी गवंड्याच्या स्वाधीन करत नाही. दुवे विकत घेऊ नयेत, ही अट करारात घालावी. फळ दिसायला साधारणतः चार महिने ते वर्ष लागते, हेही समजून असावे.

2024 पासून गूगल अनेक प्रश्नांची उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने स्वतःच वर मांडू लागले आहे, आणि त्यात स्थान मिळवून देणारे नवे विक्रेतेही पुढे आले आहेत. त्यांनाही हीच कसोटी लावावी. यंत्र बदलले, तरी वाचता येईल असा मजकूर त्याला लागतोच.

आपल्यापूर्वीच्या किती पिढ्यांनी या अंकांत कविता, कथा, निबंध लिहिले! त्यांतल्या बहुतेकांचे लेखन अन्यत्र कोठेही छापले गेलेले नाही. ते एखाद्या अभ्यासकाला किंवा त्यांच्या नातवंडांना सापडावे, एवढ्यासाठी जाणकार हवा. जो क्रमांक विकतो त्याच्यापेक्षा, जो आपले अंक उघडून वाचतो तोच या कामाचा, असे मला वाटते.