सुरक्षा लॉगची सांगड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणक, सर्व्हर, फायरवॉल आणि नेटवर्कवरची इतर उपकरणे आपापल्या कामाची सतत नोंद ठेवतात. कोणी केव्हा लॉगिन केले, कोणते कनेक्शन अडवले गेले, कोणता प्रोग्राम सुरू झाला, हे सारे या लॉगमध्ये असते. घुसखोर मात्र एका यंत्रावर थांबत नाही. तो व्हीपीएनमधून शिरतो, विंडोज संगणकावर येतो, तिथून लिनक्स सर्व्हर गाठतो. प्रत्येक लॉगमध्ये त्याच्या वाटचालीचा एकेक तुकडाच सापडतो. हे तुकडे जोडून घटनाक्रम उभा करणे म्हणजे लॉगची सांगड घालणे. या कामाविषयी काही गैरसमज घट्ट रुजले आहेत.

गैरसमज : सगळे लॉग एका जागी गोळा केले की काम झाले.

वस्तुस्थिती : गोळा करणे ही केवळ पहिली पायरी आहे. एकाच प्रकारची घटना प्रत्येक प्रणाली वेगळ्या तऱ्हेने लिहिते. चुकीच्या पासवर्डमुळे लॉगिन फसले, तर विंडोज ४६२५ क्रमांकाची घटना नोंदवते. लिनक्सवरची एसएसएच सेवा ‘फेल्ड पासवर्ड’ अशी साधी ओळ लिहिते. म्हणून प्रत्येक नोंदीतून वेळ, खाते, यंत्र, आयपी पत्ता आणि निकाल वेगळे काढून ते समान रकान्यांत बसवावे लागतात. तसे केल्याशिवाय ‘या खात्यातून गेल्या तासाभरात कुठे कुठे प्रयत्न झाले?’ या प्रश्नालाही धड उत्तर मिळत नाही.

गैरसमज : नोंदीवर वेळ असतेच, त्यामुळे क्रम आपोआप लागतो.

वस्तुस्थिती : सर्वाधिक घोटाळे वेळेतच होतात. विंडोजचा इव्हेंट लॉग वेळ यूटीसीत, म्हणजे समन्वित जागतिक वेळेत साठवतो आणि पडद्यावर स्थानिक वेळ दाखवतो. २००१ च्या आरएफसी ३१६४ या तांत्रिक दस्तऐवजात वर्णन केलेल्या जुन्या सिसलॉग पद्धतीत महिना, तारीख आणि वेळ असते; वर्ष आणि टाइम झोन नसतो. समजा, विंडोजच्या मूळ नोंदीत १४ मार्च, २०:४० आहे आणि भारतीय वेळेवर चालणाऱ्या लिनक्स सर्व्हरवर १५ मार्च, ०२:१०. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने या दोन्ही नोंदी एकाच मिनिटातल्या आहेत. केवळ तारीख पाहणारा तपासनीस मात्र एक नोंद आदल्या दिवसाची समजून बाजूला ठेवेल.

२००९ च्या आरएफसी ५४२४ ने नोंदीत वर्ष आणि यूटीसीपासूनचे अंतर लिहिण्याची सोय केली. तरी मुळात घड्याळच मागे-पुढे असेल, तर परिणाम कारणाच्या आधी घडल्यासारखा दिसतो. त्यासाठी सर्व यंत्रांची घड्याळे एनटीपी या नेटवर्कवरून वेळ घेण्याच्या पद्धतीने जुळवतात. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी हे बंधनकारक केले असून, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांचे वेळ-सर्व्हर त्यासाठी नेमून दिले आहेत.

गैरसमज : आयपी पत्ता मिळाला की माणूस सापडला.

वस्तुस्थिती : कार्यालयात डीएचसीपी सर्व्हर यंत्रांना ठरावीक मुदतीसाठी पत्ते देतो. सकाळी एका लॅपटॉपकडे असलेला पत्ता संध्याकाळी दुसऱ्याकडे असू शकतो. पत्ते बदलून देणाऱ्या नॅटमागे तर शेकडो यंत्रे बाहेर एकाच पत्त्याने दिसतात. त्यामुळे डीएचसीपीच्या नोंदी, नॅटचे पोर्ट क्रमांक आणि लॉगिनच्या नोंदी एकत्र पाहाव्या लागतात. त्यानंतरही हाती लागते ते खाते. ते खाते त्या क्षणी कोण वापरत होते, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

गैरसमज : हल्ला झाला असेल, तर तो कुठल्या तरी नोंदीत स्पष्ट दिसतोच.

वस्तुस्थिती : अनेकदा सुगावा दोन नोंदींमधल्या तफावतीत असतो. १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. क्लिफर्ड स्टोल यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि माग पश्चिम जर्मनीतल्या घुसखोरापर्यंत पोहोचला. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. एटीएम व्यवहारांना बँकेच्या मुख्य प्रणालीला वगळून बनावट स्विचकडून (व्यवहार मंजुरीसाठी पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेच्या नकलेकडून) मंजुरी मिळत होती. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. अशा प्रसंगी मंजूर झालेला व्यवहार आणि मुख्य प्रणालीत नसलेली त्याची नोंद, ही विसंगतीच पुरावा ठरते. त्यामुळे अपेक्षित नोंद न येणे हाही इशाऱ्याचा नियम असायला हवा.

गैरसमज : लॉग एकत्र तपासून इशारे देणारी ‘सीम’ प्रणाली बसवली की ती स्वतःच हल्ले पकडते.

वस्तुस्थिती : प्रणाली दिलेल्या नियमांनुसार किंवा नेहमीच्या वागण्यापासून झालेल्या फरकावरून इशारा देते; त्याचे पुढे काय करायचे, हे माणसांनाच ठरवावे लागते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या टार्गेट या दुकानसाखळीत सुरक्षा-सॉफ्टवेअरने इशारे दिले होते, पण वेळेत कारवाई झाली नाही आणि सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील चोरीला गेला. ढिसाळ नियमांमुळे खोट्या इशाऱ्यांचा पूर येतो आणि खरा इशारा त्यात बुडतो.

गैरसमज : नोंदी त्या-त्या यंत्रावर असल्या तरी पुरे, लागतील तेव्हा पाहता येतील.

वस्तुस्थिती : यंत्राचा पूर्ण ताबा मिळवलेला घुसखोर तिथले लॉग पुसू किंवा बदलू शकतो. विंडोजचा सुरक्षा लॉग पुसल्यावर ११०२ क्रमांकाची घटना उमटते; पण पुसलेल्या नोंदी त्याने परत येत नाहीत. म्हणून नोंद तयार होताच तिची प्रत वेगळ्या सर्व्हरवर पाठवतात आणि तिथले अधिकार मोजक्या लोकांकडे ठेवतात. घुसखोरी अनेक आठवड्यांनी उघड होऊ शकते, त्यामुळे मुदतही महत्त्वाची ठरते. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवणे आवश्यक आहे.