थंडीचे दिवस आणि पहिलीचा वर्ग

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने बालशिक्षणावर लिहावे, हे कोणाला थोडे चमत्कारिक वाटेल. आमचा संबंध रोजकीर्दीशी, तेरजेशी आणि ताळेबंदाशी. परंतु माझी मावशी खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग घेते, आणि गेल्या हिवाळ्यात सुट्टीच्या व शनिवारच्या दिवशी, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, मी त्या वर्गात जाऊन बसत होते. तिथे एक गोष्ट मला पटली. मुलाची चूक दिसली की ती कशामुळे झाली हे शोधणे, हीच लहान मुलांच्या वर्गातली खरी माया. आणि शिकवण्याचे निम्मे कामही तेच. थंडीच्या दिवसांत हे अधिक ठळकपणे दिसते. ते का, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम शाळेचे वर्ष कसे चालते ते पाहू. आपल्याकडे शाळा मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी उघडते. पावसाळाभर पहिलीतली मुले ‘गमभन’ गिरवतात. ही चार अक्षरे एकत्र का, तर त्यांची वळणे एकमेकांच्या जवळची आहेत. एक हाताला बसले की दुसरे सोपे जाते. दसऱ्याच्या सुट्टीनंतर काना, मात्रा, वेलांटी येतात आणि डिसेंबर-जानेवारीत मूल सुट्या अक्षरांकडून शब्दांकडे वळते. पावसाळ्यात सगळी मुले जवळजवळ सारखीच असतात. हिवाळ्यात मात्र वर्गाची फाळणी होऊ लागते : काही मुले वाचायला लागतात, काही तशीच राहतात. जी राहतात त्यांच्यासाठी मराठीत एक निष्ठुर शब्द तयारच आहे, ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत ज्याचे वळण फारसे बदलले नाही असे हे अक्षर, म्हणून जे मूल बदलत नाही ते ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. सहा वर्षांच्या मुलाला हा शिक्का एकदा बसला की तो पुसणे कठीण.

आता थंडीचा विचार करू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि खानापूरकडील गावे तर सह्याद्रीला लागूनच. शनिवारी सकाळची शाळा असते. कौलारू वर्ग, खाली गार फरशी, आणि मुले हात काखेत घालून बसलेली. थंडीत शरीर आपली ऊब पोटातल्या व छातीतल्या महत्त्वाच्या अवयवांसाठी राखून ठेवते. हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, बोटे ताठरतात, त्यांची स्पर्शाची जाणीव कमी होते. मोठ्यांनाही अशा वेळी सुईत दोरा ओवता येत नाही. मग ज्या बोटांनी पाटीवरची पेन्सिल धरायला काही महिन्यांपूर्वीच सुरुवात केली त्यांची काय कथा?

थंडीबरोबर सर्दी येते आणि सर्दीचा संबंध कानाशी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. घसा आणि मधला कान यांना जोडणारी एक नळी असते. लहान मुलांत ती मोठ्यांच्या मानाने आखूड व आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद झाली की मधल्या कानात द्रव साचतो आणि ऐकू कमी येते. मूल बहिरे झालेले नसते, पण कानात बोळे घालून ऐकावे तसे त्याला ऐकू येते. हे काही आठवडे, कधी काही महिनेही चालते. दुखत नसेल तर मूल तक्रार करीत नाही. कारण दुसऱ्यांना याहून स्पष्ट ऐकू येते हे त्याला कळणार कसे?

या साऱ्याचा अक्षरांवर काय परिणाम होतो, ते एका साध्या उदाहरणावरून कळेल. एका शनिवारी मावशीने ‘भात’ हा शब्द सांगितला आणि पाट्या वर करायला लावल्या. एका मुलाने ‘मात’ लिहिले होते. दोघांनी ‘बात’ लिहिले होते. तीनही चुकाच, लाल खडूने तीन फुल्या मारून पुढे जाता आले असते. परंतु ‘मात’ लिहिणाऱ्या मुलाची बोटे गारठली होती. ‘भ’च्या आरंभीची छोटी गाठ त्याला वळवता आली नाही, एवढेच. ‘बात’ लिहिणाऱ्या मुलाच्या घरी कन्नड बोलतात. बोलीच्या कन्नडमध्ये ‘भ’चा उच्चार पुष्कळदा ‘ब’सारखाच होतो; त्याने जसे ओठांवर होते तसे लिहिले. दुसरे ‘बात’ एका मुलीचे होते. तिच्याविषयी पुढे सांगते.

आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की तेरीज जुळली नाही तर वही फाडून टाकायची नसते. फरकाची रक्कम तात्पुरती उचंत खात्यावर टाकायची, आणि मग एकेक नोंद तपासत चूक शोधायची. सापडली की ते खाते बंद करायचे. दोन फरकांची रक्कम सारखी असली तरी त्यांचे कारण एकच असेल असे कोणताही शहाणा हिशेबनीस मानत नाही. मुलाच्या चुकीलाही असेच एक उचंत खाते हवे. कारण सापडेपर्यंत ती चूक मुलाच्या नावे लिहायची नाही.

वर्गात हे प्रत्यक्ष कसे घडते? थंडीच्या दिवसांत मावशी पहिला तास लेखनाचा घेत नाही. मुलांना पटांगणात कोवळ्या उन्हात बसवते. टाळ्यांची गाणी, चिंचोके मोजणे, हात चोळणे. अंक आणि बडबडगीते उन्हात, पाटी नंतर. याला ती लाड म्हणत नाही, वेळापत्रक म्हणते. ‘ब’ आणि ‘भ’साठी तिची एक युक्ती आहे. मुलांनी तळहात तोंडासमोर धरायचा आणि दोन्ही अक्षरे म्हणायची. ‘भ’ म्हणताना तळहातावर ऊन वाफ लागते, ‘ब’ म्हणताना तशी लागत नाही. गार तळहातावर हा फरक चटकन कळतो, म्हणजे थंडीचा इथे उपयोगच झाला! कन्नड घरातला तो मुलगा आठवड्याभरात ‘भात’ आणि ‘बात’ वेगळे लिहू लागला. त्याला कोणी “तुझी भाषा चुकीची” असे म्हटले नाही. त्याच्या जिभेला एक जादा अक्षर मिळाले.

हा विचार नवा नाही. मूळच्या वकील असलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले, ते शिक्षेची व भीतीची शाळा नको म्हणून. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ सालचा. १९४५ मध्ये त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे काम आरंभले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या आदिवासी टेकडीवर नेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा “मुलांना शिक्षणाची आवड नाही” असा शेरा त्यांनी मारला नाही. का येत नाहीत, ते पाहिले. म्हणून बालवाडी मुलांच्याच अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. तिथे दिवसाची सुरुवात मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे यांनी होई; अक्षर नंतर. आपल्या कर्नाटकात १९९५ साली हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या ‘नलि-कलि’ पद्धतीतही हेच सूत्र आहे. प्रत्येक मूल आपल्या गतीने पायऱ्या चढते. तापाने आठ दिवस घरी राहिलेले मूल परत आले की जिथे थांबले होते तिथूनच पुढे जाते. वर्ग पुढे गेला म्हणून त्याची मधली पायरी सुटत नाही.

कायदाही काही अंशी मदतीला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करणे व त्यांचा मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी घातली आहे. २०१३ पासून कर्नाटकात ‘क्षीर भाग्य’ योजनेतून शाळेतील मुलांना गरम दूध देण्याची सोय झाली. थंडीच्या सकाळी त्या पेल्याचे मोल मुलांचे चेहरेच सांगतात. परंतु मारू नका असे कायदा सांगू शकतो. समोरच्या मुलाची चूक बोटांची की कानाची, हे कायदा सांगू शकत नाही.

आणि प्रत्येक माया उपयोगी पडतेच असेही नाही. दुसऱ्या एका शाळेतला स्वेटरवाटपाचा कार्यक्रम मी पाहिला आहे. ज्यांच्याकडे स्वेटर नाहीत अशा मुलांची नावे मोठ्याने वाचली, त्यांना रांगेत उभे केले, छायाचित्रे काढली. मुलांना ऊब मिळाली हे खरे. पण दुसऱ्या दिवशी बाकीची मुले त्यांना काय म्हणून चिडवत होती, ते इथे लिहवत नाही. मावशीच्या वर्गात कपाटात चार-पाच जुने, धुतलेले स्वेटर असतात. ते ‘शाळेचे स्वेटर’. ज्याला थंडी वाजेल त्याने घालावे, जाताना घडी करून ठेवावे. ज्याचा स्वतःचा स्वेटर चांगला आहे तोही कधी हौसेने घालतो, त्यामुळे कोणाकडे नाही हे कोणालाच कळत नाही. देणाऱ्याचे नाव नाही, घेणाऱ्याचेही नाही.

संक्रांतीला तर शिकणे आणि गोडी एकाच ताटात येतात. ‘तिळगूळ’ या शब्दात एकही जोडाक्षर नाही. जानेवारीपर्यंत वेलांटी-उकार शिकलेल्या पहिलीच्या मुलाला तो वाचता येतो. मावशीने तो फळ्यावर लिहिला, मुलांनी वाचला, आणि मग तिळाच्या वड्या मोजून सर्वांना सारख्या वाटण्याचा हिशेब झाला. मराठी मुलांनी गोड बोलण्याविषयी सांगितले. कन्नड घरातल्या मुलाने “एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि” असे म्हटले. अर्थ तोच : तीळगूळ खा आणि चांगले बोला. सगळ्या वर्गाने ते वाक्य त्याच्याकडून पाठ करून घेतले. त्या दिवशी तो शिक्षक होता.

आता त्या मुलीविषयी. हिवाळा हा आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम. टोळ्या येतात, आणि त्यांच्याबरोबर मुले भर डिसेंबरात शाळेत दाखल होतात. ही मुलगी विजापूरकडील कुटुंबातली, घरात कन्नड, आणि जवळची शाळा मराठी. ती बोलत नसे, सांगितलेले करीत नसे. भाषा समजत नाही, असेच सर्वांनी धरून चालले होते, आणि ते पटण्यासारखेही होते. एके दिवशी मावशीने मला तिच्या मागे उभे राहून कन्नडमध्ये हाक मारायला सांगितले. मी “इल्ली बा” म्हटले. तिने वळून पाहिले नाही. जरा मोठ्याने म्हटले, तरी नाही. समोर जाऊन त्याच आवाजात म्हटले, तेव्हा ती लगेच उठली. म्हणजे ती आमचे ओठ वाचत होती! अडचण भाषेची होतीच, पण त्याआधी कानाची होती. मावशीने तिच्या आईला गाठले, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले, वर्गात तिला पहिल्या ओळीत भिंतीजवळ बसवले आणि तिच्याशी नेहमी समोरून बोलायचे असा सर्व मुलांसाठी नियम केला. मुलांनी तो मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळला. फेब्रुवारीअखेर ती ‘भ’ ओळखू लागली होती आणि बावीस अक्षरे लिहीत होती. उजव्या कानाने मात्र अजून कमीच ऐकू येत होते.

मार्चमध्ये हंगाम संपला आणि टोळी गावी परतली. पुढच्या शाळेत तिला मागच्या बाकावर बसवले गेले तर सारे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मावशीच्या सांगण्यावरून मी कन्नडमध्ये एक पानभर पत्र लिहिले. पत्र कोणाला जाणार हे ठाऊक नव्हते, म्हणून ‘शिक्षकांस’ एवढाच मायना. तिला कोणती अक्षरे येतात, कोणती राहिली, कोणत्या कानाने कमी ऐकते, कुठे बसवावे, डॉक्टरांनी पुन्हा केव्हा दाखवायला सांगितले आहे. मावशीने सही केली. आईने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवले. ते पुढे कोणाच्या हाती पडले का, हे आम्हाला कळलेले नाही.

या पत्रावरून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणारे विद्यार्थी कितीतरी आहेत. या अंकाचे दोन विभाग हाच त्याचा पुरावा. दर मार्चमध्ये जवळच्या शाळांत जाऊन, स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक पान, त्याच्या पुढच्या शाळेच्या भाषेत लिहून देणे हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. खर्च कागद आणि शाईचा. शिक्षकांनी माहिती द्यावी, आपण ती उतरवावी. येत्या हंगामात खानापूर तालुक्यातील त्या शाळेपासून आरंभ करण्याची माझी तयारी आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी जरूर भेटावे.